शिडी आत कोणी घेतली

नियम एवढाच:
ज्याची गोष्ट, त्यानं तोंड मिटून बसायचं.
वीस मिनिटं. वेळ मी लावते,
अंडी उकडायच्या टायमरवर.
तो कोंबडीच्या आकाराचा आहे, त्याला इलाज नाही.

हापसालूच्या वाचनालयाची मागची खोली,
फेब्रुवारी, खाडी गोठलेली,
हीटरवर पाच जणांचे हातमोजे वाळत टाकलेले.
आज हेल्वेची गोष्ट. दोन पानं.
शेजाऱ्यानं शिडी उसनी नेली, आणि तो वारला.
मालक महिन्याभरानं शिडी मागायला जातो,
ओशाळून, टोपी हातात धरून.
बाई शिडी देते.
तो ती फाटकापर्यंत आणतो, मागे फिरतो,
तिच्याच सफरचंदाच्या झाडाला टेकवून ठेवतो
आणि रिकाम्या हातानं घरी जातो.
संपली.

कौपो म्हणाला, शिडी म्हणजे दुःख, हे उघड आहे.
(कौपोला सगळंच उघड असतं. बंद दारसुद्धा.)
लेइदाबाईंनी चाळीस वर्षं भूगोल शिकवला,
त्यांनी विचारलं, वारा कुठून होता?
आणि दुसऱ्या पानावर स्वल्पविराम फार झालेत,
दाताखाली खडा यावा तसे.
मी म्हटलं, त्याला पुन्हा यायला निमित्त हवं असेल.
म्हटलं आणि कान तापले,
कारण हे मी गोष्टीबद्दल बोलत नव्हते.

हेल्वे विणत होती. मान खाली.
राखाडी लोकर, चार सुया,
प्रत्येक मताला एक टाका,
कौपोला दोन.

मग यूलो, फेरीबोटीवरून निवृत्त झालेला,
जो इथं फक्त कॉफीसाठी येतो असं आम्ही धरून चालतो,
म्हणाला: "नोव्हेंबर आहे ना गोष्टीत?
लाकडी शिडी, नोव्हेंबरात, उघड्यावर?
बर्फ वितळेपर्यंत पायऱ्या कुजतील.
कुणीतरी चढेल, आणि पडेल."
आम्ही हसलो.
तो हसला नाही.

कोंबडी वाजली.
हेल्वेनं सुया खाली ठेवल्या,
म्हणाली, स्वल्पविराम बघते.
बास.

दोन दिवसांनी बेकरीत कळलं:
यूलो सकाळी सातला, अंधारात,
हेल्वेच्या फाटकाशी उभा होता
ताडपत्री घेऊन. शिडी झाकायला.
शिडी नव्हती.
झाडही नव्हतं. कपडे वाळत घालायचा एक खांब
आणि गुडघाभर बर्फ.
म्हणे तो बराच वेळ त्या खांबाकडेच बघत राहिला.
म्हणे तिनं दार उघडलं.
पुढचं बेकरीवालीला माहीत नाही,
आणि तिला माहीत नाही असं गावात फार थोडं असतं.

मार्चमध्ये गोष्ट पुन्हा आली.
स्वल्पविराम तितकेच.
शेवटी एक ओळ वाढलेली:
पहाटे कुणीतरी शिडी आत घेतली.

कुणी? लेइदाबाई कडाडल्या.
शेवटच्या ओळीत नवा माणूस आणायचा
आणि त्याला साधं नाव नाही?
कौपो म्हणाला, कुणीतरी म्हणजे काळ. उघड आहे.
यूलो काहीच बोलला नाही,
जणू नियम त्यालाही लागू होता.

हीटरवर त्याचे हातमोजे. नवे, राखाडी,
एक अंगठा दुसऱ्यापेक्षा पेरभर लांब.
कुणाच्या बोलण्यात टाके मोजायचे राहिले,
मला साधारण सांगता येईल.

वीस मिनिटं झाली होती.
मी कोंबडीला आणखी पाच दिली.