पिवळा झरा

नारीनला मार्चमध्येही खिडकीला आतून बर्फ धरतं.
मी हातमोजा एकच घालते, डावा.
उजव्या हाताला माउस लागतो.

पेनड्राइव्हवर कुरण एक, फायली तीन.
एकीत आकार, एकीत नावं, एकीत नुसते अनुक्रमांक.
चौथी, सगळ्यात किरकोळ,
जी सांगते की हे आकडे पृथ्वीवर कुठून मोजायचे,
तेवढीच कुणीतरी आणायची विसरलेलं.

डेटाबेसनं मुकाट्यानं गिळलं सगळं.
नकाशा उघडला, तर आमचं सारी-बुलाक
चीनच्या किनाऱ्यापुढं, भर पिवळ्या समुद्रात.
सारी म्हणजे पिवळा, बुलाक म्हणजे झरा.
यंत्राला किर्गिझ येतं की काय,
असं क्षणभर वाटून गेलं खरं.
नावांच्या रकान्यात प्रश्नचिन्हं,
खिंडीतल्या मेंढ्यांसारखी एकामागं एक.

शायलोबेक-बायकेंना फोन लावला.
म्हटलं, तुमचं कुरण बुडालंय.
ते म्हणाले, "तिथं गवत कसंय?"

मग कपाट, कपाटातला खण, खणातलं पिवळट कार्ड,
त्यावर पेन्सिलीनं: बेचाळीसची पद्धत, पट्टा तेरा.
आकडा टाकला, लिपी बदलली, पुन्हा चढवलं.
पाणी निथळत यावं तसं कुरण
साडेचार हजार किलोमीटर चालत आलं
आणि आपल्या डोंगरावर, आपल्या उंचीवर बसलं.
प्रश्नचिन्हांची परत अक्षरं झाली.
चहा गार झालेला. तसाच प्यायले.

आता रेषेचं क्षेत्र करायचं होतं.
नाही म्हणालं: कडं बंद नाही.
पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू
यांच्यामध्ये एकशे अठरा मीटर काहीच नाही.
शेऱ्यात कुणीतरी लिहिलेलं,
"येथे मुद्दाम मोकळे सोडले आहे, कारण दोन्ही गावां"
आणि तिथं रकाना संपलेला. जुन्या फायलीत
वाक्याला मोजून मापून जागा मिळते.

पुन्हा फोन.
"मुद्दाम कसलं!" बायके खोकत खोकत हसले.
"मोजणीदार एवाल्ड आला होता, जर्मन घरातला पोरगा.
तीन दिवस झऱ्यावरून आमची भांडणं.
चौथ्या दिवशी आम्ही भांडत असतानाच
दोन्हीकडची मेंढरं पाण्यावर एक झाली.
कानांवरच्या खुणा बघत बघत निवडायला रात्र पडली.
त्यानं पेन्सिल उचलली, म्हणाला, उद्या.
उद्या बर्फ पडलं."
"मग?"
"मग काय. पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही.
आम्हीही नाही, पलीकडच्यांनीही नाही.
ते मात्र मुद्दाम."

बिश्केकहून दुपारी विचारणा आली,
बुरुलचा, क्षेत्रफळ रिकामं का?
एक सरळ रेघ ओढली की झालं, दोन बिंदूंचं काम.
कर्सर नेला होता मी तिथपर्यंत. खोटं कशाला बोलू.

मग रेषा रेषाच म्हणून ठेवली.
नव्या तक्त्यात शेऱ्याला लांबीची अट नाही,
म्हणून सगळं लिहिलं: मेंढरं, रात्र,
एवाल्ड, बर्फ, शायलोबेक-बायकेंचा खोकलासुद्धा.
क्षेत्रफळाच्या घरात काहीच भरलं नाही.
शून्यही नाही.
शून्य म्हणजे जमीनच नाही असं होतं,
आणि जमीन तर आहे.
जूनमध्ये तिथं घोटाभर पाणी असतं,
गेल्या वर्षी माझा बूट तिथंच रुतला.