नावेच्या नावावर

नावांना नावं ठेवणं हा माझा धंदा.
केयोन, चिलोए बेटाचं शेवटचं बंदर,
जिथे रस्ता संपतो आणि पुढे नुसतं पाणी.
ज्यांच्या नावा, तेच मग मला नावं ठेवतात
पैसे मागायला गेले की.

लिसान्द्रो बार्रियाने आईचं नाव सांगितलं: एर्मेलिंदा.
नऊ अक्षरं. डावीकडे एकदा, उजवीकडे एकदा,
मागे नोंदणीचा आकडा.
साठ हजार पेसो, रंग माझा.
बिलसुद्धा मी घोटीव अक्षरात लिहिते.
वाचून म्हणाला, "हे तर फ्रेम करून लावायला हवं."
लावलंही असेल.

नोव्हेंबरात समुद्राला लाली चढली, शिंपल्यांत विष,
धंदा बंद. मी गप्प. विषाशी कोण भांडणार?
जानेवारीत इंजिन.
मार्चमध्ये मुलीचं कॉलेज, पुएर्तो मोंतला.
मग कारखाना: "माल आज उचलतात, पैसे नव्वद दिवसांनी,
आणि त्यांचे नव्वद आपल्या नव्वदांपेक्षा लांब असतात, एदुविना."
हे मात्र खोटं नाही.

आमच्या धक्क्याला जागा कमी.
नावा एकीला एक खेटून बांधतात, पाच-पाच, सहा-सहा.
शेवटचीवर जायचं तर
मधल्या सगळ्यांच्या फळ्या तुडवत जावं लागतं.
पैसा तसाच येतो माझ्याकडे,
परक्या डेकांवरून, बूट भिजवत,
आणि प्रत्येक नावेवर कुणीतरी त्याला म्हणतं, बस जरा.
माझ्याही पलीकडे एक नाव बांधलेली आहे:
रंगवाला ओयार्सो.
"सोमवारी," मी त्याला सांगते.
कुठल्या, ते त्याने विचारलेलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे माझी खिडकी.
रोज पहाटे माझी उधारी डोळ्यांदेखत समुद्रावर जाते,
संध्याकाळी परत येते,
हातभर उंच अक्षरांत,
लांबूनही वाचता येईल अशी.
एवढी ठळक मीच काढली.

जून म्हणजे इथे हाडं गोठवणारी थंडी.
एका रात्री टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन निघाले.
चार नावा ओलांडल्या, पाचवी एर्मेलिंदा.
हिशेब साधा होता: महिन्याला एक अक्षर.
आठ महिने झालेले.
आईचं एकच उरलं असतं.

आत कुणी खोकलं.
लिसान्द्रो नावेतच झोपत होता,
घर गेल्याचं गावात कुणी बोललं नव्हतं,
की मीच फक्त पैशांचं ऐकत होते?
चिंधी शेवटच्या अक्षरावर टेकलेली,
आणि बोटाला लागली सोनेरी कड.
अक्षरांची सावली. ती त्याने मागितली नव्हती.
त्या दिवशी ऊन छान होतं, हात थांबला नाही, एवढंच.
बिलात सावली नव्हती.

तेवढी पुसली. नऊच्या नऊ.
डावीकडचीच. उजवी बाजू पाण्यावर होती,
हात पुरला नाही.

चौथ्या दिवशी तो दारात, टोपी हातात.
"आई एका अंगाने वाळल्यासारखी दिसते," म्हणाला.
दोघंही त्यावर फार बोललो नाही.
तीस हजार दिले, दमट, मासळीचा वास मारणारे,
आणि पोतंभर जांभळे बटाटे.
बटाटे हिशेबात धरायचे की नाहीत,
हेही बोललो नाही.

पायरीवरून वळला:
"त्या सोनेरीचे किती?"
"आठ हजार."
"सोमवारी देतो."

मी बटाटे उकळायला टाकले,
वही काढली,
तारखेची जागा मोकळी सोडली
आणि लिहिलं:
एर्मेलिंदा, सावली, एक बाजू.