१००४

गोळीबार चौकातली विणकरांची पतपेढी,
मे महिना, दुपारचे तीन,
कूलरमधलं पाणी संपलेलं, वाळा कोरडाठक,
पंखा नुसता खडखडतोय.
परातेबाई म्हणाल्या, "कालपासून उघडूनच नाही राहिलं बाप्पा.
तुमच्या त्या पोरानं नवं सॉफ्टवेअर टाकलं,
अन् आमचीच वही आम्हाला ओळखून नाही राहिली."

पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाकारली.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
ओळ तीच.

पोरगा म्हणजे आमच्याच ऑफिसातला कैवल्य.
घाईत सगळं रूट होऊन बसवून गेला,
फोल्डर रूटचं, आतला डेटा रूटचा;
आचाऱ्यानं कोठीची किल्ली खिशात घालून
पुढच्या लग्नाला निघून जावं तसं.

सोपा उपाय मला माहीत आहे.
सात सात सात. सगळ्यांना सगळं.
वाच, लिही, चालव, मोड.
इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी तो केला होता एकदा,
आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या भाच्यानं
गेमला जागा हवी म्हणून
दोन वर्षांची उधारी पुसून टाकली.
व्यापारी ओरडला नाही.
त्यानं मला आधी पाणी विचारलं.
ते जास्त लागलं.

म्हणून आता एकेक बघते.
यादी उतरत गेली.
नवं ते रूटचं. जुनं...
जुन्याच्या मालकाच्या जागी नावच नव्हतं,
नुसता आकडा. १००४. १००४. १००४.
चार हजारांवर फाइली.
खातं पुसलं की यंत्र नाव विसरतं,
आकडा मात्र राहतो,
पातळाच्या घडीत राहून गेलेल्या
नंबराच्या चिठ्ठीसारखा.

"हा एक हजार चार कोण?"
परातेबाई गप्प.
शिपाई गेंदलाल बोलला,
"निखारेभाऊ असन, दुसरं कोण?
सात वर्षं इथंच बसले.
संचालकाच्या जावयाचं थकलेलं कर्ज
त्यायनं थकलेलंच लिवलं,
अन् पुढच्या महिन्यात काढलं न त्यायले.
आता कामठी रोडवर झेरॉक्सचं दुकान टाकून बसले."
बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.
तो बादली घेऊन कूलर भरायला निघाला.

मालकी बदलायचा हुकूम एका ओळीचा असतो.
चार सेकंदांत सगळं परातेबाईंचं झालं असतं.
बोटं कळांवर होती.
मी दुसरीच ओळ लिहिली:
नवं खातं, जुना आकडा.
खात्याला पासवर्ड नाही, आत यायची वाट नाही,
फक्त नाव.

यादी पुन्हा मागवली तर
वरपासून खालपर्यंत निखारे, निखारे, निखारे,
हजेरी घेताना वर्गभर
एकच पोरगा बसलेला असावा तसं.

मग 'पेढी' नावाचा गट केला,
त्यात बाईंना घातलं, नव्या कारकुनाला घातलं,
सॉफ्टवेअरच्या खात्यालाही घातलं.
रूटचं होतं तेही गटाच्या हाती दिलं.
वाचा, लिहा. बाहेरच्याला शून्य.
बाईंनी मार्चचा ताळेबंद उघडला.
उघडला.
"हं," म्हणाल्या, तेवढंच.

एक फाइल राहिली होती.
तिच्यावर त्यानंच कुलूप लावलेलं, सहा शून्य शून्य.
नाव: 'माझं'. वजन दोन केबी.
मी रूट आहे, मला कुणीच अडवत नाही.
कर्सर तिच्यावर थोडा वेळ लुकलुकला.
गटाला देताना ती मी हातानं वगळली.

"अन् हे एक काहून उघडून नाही राहिलं?"
"ते बिघडलेलं नाही," मी म्हणाले.
बाईंनी नाव वाचलं, चष्मा काढला,
ह्या वेळी पुसला नाही.

गेंदलाल आला, वाळ्याचा वास सुटला.
पावतीवर कामाचं स्वरूप लिहायचं होतं.
लिहिलं: परवानग्या दुरुस्त केल्या.
सहीला अध्यक्ष लागतात, बाई म्हणाल्या,
मला अधिकार नाही,
ते सोमवारी येतील.