टेलचं पाणी

संस्थेच्या रजिस्टरात ठराव क्रमांक चारवर
चहाच्या कपाचा गोल उमटलाय.
तो माझ्या आधीच्या सचिवाचा.
सचिव सातपूरला कंपनीत लागला,
गोल इथंच राहिला.

ठराव चार: पाणी आधी टेलला,
मग मधल्यांना, सगळ्यात शेवटी हेडला.
सूचक: पुंजाराम नामदेव उगले.
अनुमोदक: हौसाबाई दगडू गांगुर्डे, निशाणी डावा अंगठा.

उगल्यांचं रान हेडला.
दार उचललं की पाटाचं पाणी
सगळ्यात आधी त्यांच्या बांधाशी बोलायचं.
तरी सूचक तेच.
का, ते लिहिलेलं नाही.
लिहिलंय फक्त 'सर्वानुमते',
आणि तेही खाडाखोड करून.

त्याआधी पिंपळदऱ्याच्या खालच्या अंगाला
पाणी ही बातमी होती.
धरणातून सुटलं म्हणे.
मोरीपाशी दिसलं म्हणे.
बंद झालं म्हणे.
वर उसात बगळे पाय भिजवत हिंडायचे,
आणि आमच्या बाया त्याच उसाच्या कडेकडेनं
दुसऱ्यांची कांद्याची रोपं लावायला जायच्या,
घरून प्यायचं पाणी घेऊन.

मीटिंग झाली शाळेत, चौथीच्या वर्गात.
फळ्यावर अर्धा गुणाकार तसाच होता,
हातचे दोन कुणीतरी पुसले होते.
मोठी माणसं पोरांच्या बाकांवर बसली
गुडघे हनुवटीला लावून,
आणि त्या बसण्यात कुणालाच
नीट भांडता येईना.
मला विचाराल तर संस्था त्या बाकांमुळे झाली.

मग पाटात आकड्यांची पट्टी आली.
हौसाबाईंना अक्षर येत नाही,
पण पट्टीवरचा एकोणीस त्या लांबून ओळखतात,
नातवाला ओळखावं तसा.
अठरा झाला की माझ्या दारात हजर:
"सचिव, एक बोट कुठं गेलं?"

पाऊस कमी झाला त्या वर्षी
एक बोट नाही, चार बोटं गेली.
तिसऱ्या आवर्तनात टेल भिजलं, मधले भिजले,
उगल्यांच्या टोमॅटोनं माना टाकल्या.
त्या रात्री त्यांच्या दाराचं कुलूप फुटलं.
फोडणारा त्यांचाच विश्वास.
दंड पाचशे. पावती बापानं फाडली.
शंभराच्या पाच नोटा, पाचवी फाटकी.
मी म्हटलं, बदलून द्या.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग कनवटीतून दुसरी काढली.
एवढंच. पुढं सहा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत,
मासिक सभेला मात्र एकदाही चुकले नाहीत.

सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही.
भांडणं आहेतच, फक्त आता ती तारखेनं होतात
आणि त्यांना जावक क्रमांक असतो.
पण खालच्या अंगाला कांद्याची चाळ उभी राहिली,
दारावर हौसाबाईंनी रंगानं लिहून घेतलंय:
सभासद क्रमांक ३१.
गेल्या पौषात उगल्यांच्या सुना
त्यांच्या लागणीला आल्या,
रोजानं नव्हे, सावडीनं,
आणि दुपारी भाकरीवरून हसत होत्या
कशाला ते आम्हा पुरुषांना कळलं नाही.

परवा रब्बीचं दुसरं आवर्तन.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
शेवटच्या दाराशी मी बॅटरी धरून उभा.
आधी आला पाचोळा, मग फेस,
मग रबरी चप्पल, एकच,
आणि तिच्यामागून पाणी,
घाई न करता, घर माहीत असल्यासारखं.
भेगांत शिरताना बुडबुडलं.
हौसाबाई म्हणाल्या, "घोट घेतंय बघ रान."

हेडच्या अंगाला, पार तिकडं,
एक उजेड लुकलुकला, विझला.
कुणीतरी पाळीची वाट बघत जागं होतं.

वेळ लिहिली. पट्टीचा आकडा लिहिला: एकोणीस.
शेऱ्याचा रकाना उरला.
बराच वेळ पेन हातात.
मग लिहिलं:
चप्पल उजव्या पायाची, संस्थेत जमा.
ज्याची असेल त्यानं घेऊन जावी.