तांबट

भांडुप पंपिंगच्या फाटकापाशी, सकाळी सहा पाचला,
आम्ही नऊ जण आणि प्रणाली वैती.
वय चोवीस. खिशात भरतीचं कोष्टक.
बाप याच खाडीत चिंबोऱ्या धरायचा.
"पाणी उतरतंय," ती म्हणाली, "त्यांची जेवायची वेळ झाली."

चिखल उघडा पडत गेला,
नुकत्या रंगवलेल्या डेकसारखा ओला, चकाकता.
त्यावर शेकाट्या, लाल काड्यांवर तोललेले.
तुतवार धावत, थांबत, टोचत.
आणि लांब, विजेच्या मनोऱ्यांखाली,
एक गुलाबी रेघ.
खोरशेदबाईंनी वहीत लिहिलं: रोहित, सुमारे आठशे.
मी मोजले नाहीत. चोच उलटी करून
पाणी गाळत होते, ते बघत राहिलो.
इथवर मी सगळ्यांच्या बरोबरीचा.

मग कान्हेरीची चढण.
सावरीला पान नाही, नुसती लाल फुलं.
पायाखाली सागाचे पापड.
प्रणालीने बोट वर केलं: ऐका.
सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले.

माझगाव गोदीत एकतीस वर्षं,
टाकीच्या आत बसून पत्र्यावर हातोडा.
तिथे आवाजाला बाहेर पडायला वाट नसते,
तो कानातच घर करतो.
बारीक आवाज आधी गेले:
नळाचा थेंब, पलीकडच्या खोलीतलं "अहो".
मग जाडही.
पक्षी कधी गेले ते कळलंच नाही.
गेलेलं कळायला आधी ऐकलेलं असावं लागतं.

मी मान डोलावली.
सगळे हसले की हसायचं, जुनी युक्ती.
पण पोरगी बिलंदर.
माझी दुर्बीण धरून उंबराच्या शेंड्याकडे वळवली.
हिरवा, मुठीएवढा, कपाळावर कुंकू.
चोच मिटलेली, गळा मात्र
फुगतोय, बसतोय.
"काय म्हणतोय?" मी विचारलं, बहुतेक ओरडूनच,
कारण खोरशेदबाई दचकल्या.

तिने उत्तर दिलं नाही.
माझ्या उजव्या खांद्यावर दोन बोटांनी ठोकू लागली.
टुक. टुक. टुक. टुक.
मग समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं, "तांबट."

ठोका मला कुणी शिकवायला नको.
अर्धा उशिरा पडला तरी हाडाला कळतं.
"हात बसलाय याचा," मी म्हणालो.

बोटं हलकी झाली.
"उडाला?"
"नाही. तोंड पलीकडे वळवलं."

आणि जरा वेळाने डाव्या खांद्यावर,
एकाच बोटाने, अगदी अस्पष्ट:
दरीपलीकडे दुसरा.