निर्जल ग्रहावरचा थर्मास

लिवाच्या वाळूत तेव्हा परग्रह उभारला होता.
इसाक सोलकर मचाण बांधायला,
एकवीस दिवस, जेवण कंपनीचं.

मुसाफाच्या थिएटरात आम्ही नऊ जण एका रांगेत.
यान कोसळलं. नायकाच्या डाव्या भुवईवर जखम,
पुढच्या क्षणी उजव्या.
आम्हाला त्याचं काय! आम्ही टेकाडाची वाट बघत होतो.

"आता," इसाक म्हणाला.

सन चार हजार काहीतरी.
पाण्याचा थेंब नसलेला ग्रह,
आणि नायिकेच्या खांद्यामागे वाळूत कललेला
लाल झाकणाचा थर्मास.
दोन सेकंद.
शिट्ट्या अशा, की डोअरकीपर टॉर्च घेऊन आला.
"माझा! आल्याचा चहा होता त्यात!"

परवा मोबाइलवर पुन्हा लावला,
गुहागरला लेकीला दाखवायचा होता.
तेच टेकाड, तीच नायिका.
थर्मास नाही.
कुणीतरी पुसलाय, अगदी सफाईनं,
फक्त सावली तेवढी राहून गेलीय वाळूवर,
कशाची, ते आता कोण सांगणार.

जखम मात्र अजून
या भुवईवरून त्या भुवईवर.

इसाकनं उशाचा थर्मास कानाशी हलवून बघितला.
"अर्धा कप निघेल," म्हणाला. "घेतोस?"