फीलमाही, टाकी क्रमांक चार

तेहरानच्या हॉटेलांत जी अंडी
शिंपल्याच्या चमच्यानं मोजून वाढतात
त्यांतली सात आम्ही
चहाच्या पातेल्यात उकडतो.

तीन मिनिटं. मग बर्फ.
मग आफागबाई नवं ब्लेड काढतात
आणि अंडं मधोमध चिरतात,
जन्मभर लिंबं चिरलेल्या बाईसारख्या,
हाताकडं न बघता.

राखी गर. त्यात एक फिकट ठिपका.
ठिपक्याला कडेला जायचंय.
तो गेला की मादी तयार.
नाही गेला तर नाही.
एवढ्यासाठी एकोणीस वर्षं,
सतरा वह्या,
आणि पाणी लागून पिवळी पडलेली नखं.

टाकी क्रमांक चारमध्ये ती पडून आहे.
गिलानचे लोक तिला फीलमाही म्हणतात, हत्तीमासा.
वजन एकशे दहा किलो.
वय, पराच्या काट्याचा काप काढून, त्यातली वळी मोजून: बावीस.
सफीदरूदच्या मुखाशी नौजरच्या जाळ्यात आली
आणि नौजर शपथेवर सांगतो, ही आपलीच,
बोटाएवढी होती तेव्हा मीच बादलीनं सोडली.
"कशावरून?"
"माझ्याकडं बघते."
ती कुणाकडंच बघत नाही.
सदऱ्याच्या गुंडीएवढे डोळे,
तळाच्या अंधाराला सरावलेले.

पूर्वी नदीच सांगायची.
अल्बोर्झचं बर्फ वितळलं की
गार, गढूळ, जोरकस पाणी खाली यायचं.
ते अंगाला लागलं की मेंदूला कळायचं,
मेंदू खालच्या गाठीला सांगायचा,
गाठ रक्ताला,
रक्त अंडाशयाला.
आता वर धरण आहे.
निरोप्या भिंतीपलीकडं ताटकळतो.

म्हणून आम्ही सुईतून नदी देतो.
दुसऱ्या, मेलेल्या माशाच्या मेंदूखालची
मटकीएवढी गाठ, वाळवून, कुटून,
मिठाच्या पाण्यात कालवून, पाठीत.
बहुतेकदा शरीर विश्वास ठेवतं.
कधी ठेवत नाही. मग अंडी आतल्या आत विरतात
आणि मादी आठवडाभर दगडासारखी.
बाईंचं सगळं संशोधन
त्या 'कधी'चं आहे.

"निरोप बरोबर असतो," त्या एकदा म्हणाल्या,
"आपण भलत्या वेळी कडी वाजवतो."

आज दुपारी रश्तहून फोन.
इतकी लाख पिल्लं. याच महिन्यात. वर सह्या झाल्यात.
बाईंनी फोन खांद्यात धरून
सातवं अंडं चिरलं, भिंगाखाली सरकवलं.
शून्य पूर्णांक एकोणीस.
ठिपका अजून माजघरात बसलेला,
उंबऱ्याकडं निघालाही नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.
पलीकडून बराच वेळ बोलणं येत राहिलं.
"साहेब, मादीनं नाही म्हटलंय.
मी फक्त फोन धरलाय."

नौजरनं सुई डब्यात ठेवली. जरा नाराजच.
त्यानं सकाळीच गाळ चाळून ठेवला होता,
काढलेली अंडी एकमेकांना चिकटतात
म्हणून गाळाच्या पाण्यात ढवळावी लागतात,
हंसाच्या पिसानं, हात न थांबवता.
पीसही त्यानं धुऊन
खिडकीत वाळत घातलं होतं.

रात्रपाळी माझी.
दर तासाला पाणी किती गार ते लिहायचं.
अकरा पूर्णांक दोन.
अकरा पूर्णांक दोन.
पावणेतीनला बाई आल्या, नवऱ्याचा कोट घालून,
झोप लागेना म्हणाल्या.
नदीकडच्या नळाचं चाक
थोडं फिरवलं. अगदी थोडं.
वहीत असं काही ठरलेलं नव्हतं.

पाण्याचा आवाज बदलला.
आम्ही एका थर्मासातला चहा दोघींत संपवला,
साखरेचा खडा दाताखाली धरून.
मग केव्हातरी तळाशी
तो ओंडका हलला,
सावकाश फिरला,
तोंड प्रवाहाकडं.

मी पेन उचललं. "लिहू?"
"वळली, एवढं लिही," बाई म्हणाल्या.
"का वळली
ते रिकामं ठेव."